यंत्राला वॉट-तास विचारा

दुकानातील खोक्यावर जो आकडा सर्वांत मोठ्या टायपात छापलेला असतो, तोच त्या वस्तूचा सर्वांत महत्त्वाचा गुण असला पाहिजे, असे आपण सहज धरून चालतो. बॅटरीवर चालणाऱ्या यंत्रांच्या बाबतीत हा समज आपल्याला हमखास चकवतो. विद्यार्थी मित्रांनो, या लेखात मला एकच गोष्ट तुमच्या गळी उतरवायची आहे. ती अशी की, बॅटरीच्या यंत्राला त्याचे व्होल्ट विचारू नका, त्याचे वॉट-तास विचारा.

उदाहरणासाठी मी मुद्दाम असे एक यंत्र निवडले आहे की, जे तुमच्यापैकी फार थोड्यांनी पाहिले असेल, पण ज्यात शाळेच्या पुस्तकातील विजेचे जवळजवळ सगळे प्रकरण सामावलेले आहे. हे यंत्र म्हणजे घरापुढची हिरवळ कापण्याचे, बॅटरीवर चालणारे, बिनवायरीचे यंत्र.

आपल्याकडे स्वतःच्या घरापुढे हिरवळ राखण्याइतकी जागा थोड्यांनाच लाभते. बागेतले किंवा सोसायटीच्या आवारातले गवत माळी विळ्याने कापतो, नाहीतर पेट्रोलचे यंत्र खांद्याला अडकवून कापतो. इंग्लंड-अमेरिकेत मात्र घरापुढे आणि घरामागे हिरवळ असणे ही सर्वसाधारण गोष्ट आहे, आणि उन्हाळ्याच्या दिवसांत दर आठवड्याला ती कापणे हे घरच्याच माणसांचे काम असते. तुमचे कोणी काका किंवा मावशी तिकडे स्थायिक झाली असतील तर त्यांना विचारून पाहा. शनिवारची सकाळ कशात जाते, हे ती सांगतील.

कापडाच्या गिरणीतून हिरवळीवर

हिरवळ कापण्याच्या यंत्राचा जन्म कापडाच्या गिरण्यांच्या परिसरात झाला. इंग्लंडमधील ग्लॉस्टरशायर परगण्यातील स्ट्राउड हा भाग लोकरी कापडासाठी प्रसिद्ध होता. विणलेल्या कापडावर उभे राहिलेले तंतू कापून त्याचा पृष्ठभाग सारखा करण्यासाठी तेथे फिरत्या पात्यांचे यंत्र वापरीत. कापडावरचे तंतू असे कापता येतात, तर जमिनीवरचे गवत का कापता येऊ नये, असा विचार एडविन बडिंग नावाच्या कारागिराने केला आणि १८३० साली त्याने आपल्या यंत्राचे पेटंट घेतले.

बडिंगच्या यंत्राचे तत्त्व कात्रीचे होते. एका आडव्या रुळावर बसवलेली वळणदार पाती फिरतात आणि खालच्या स्थिर पात्याला घासून जातात. गवताची काडी दोन पात्यांमध्ये सापडते आणि कापली जाते. कात्रीला वेगाची गरज नसते, म्हणून हे यंत्र माणसाने नुसते ढकलले तरी चालते.

आजच्या बहुतेक यंत्रांचे तत्त्व मात्र विळ्याचे आहे. एकच आडवे पाते जमिनीला समांतर गरगर फिरते. काडीला पलीकडून आधार देणारे दुसरे पाते नसते. काडी वाकून निसटण्याच्या आत ती तुटली पाहिजे, म्हणून पात्याला फार मोठा वेग द्यावा लागतो. हा वेग किती, ते आपणच काढू. पात्याची लांबी ४० सेंटिमीटर आणि फेरे मिनिटाला ३०००, म्हणजे सेकंदाला ५० धरा. टोक एका फेऱ्यात ३.१४ × ०.४ म्हणजे सुमारे १.२६ मीटर जाते, तेव्हा सेकंदाला ते ६३ मीटर जाईल. हा वेग ताशी सुमारे २२६ किलोमीटर झाला! इतक्या वेगाने फिरणाऱ्या पात्याची पुष्कळशी शक्ती गवत कापण्यात खर्च न होता हवा ढवळण्यात जाते. दोन्ही तत्त्वांतील हा फरक लक्षात ठेवा. लेखाच्या शेवटी त्याची गरज पडणार आहे.

जाता जाता एक सूचना. वायरचे यंत्र साफ करायचे झाले तर आपण आधी प्लग काढतो. पेट्रोलचे यंत्र बंद आहे की चालू, हे कानाला कळते. बॅटरीचे यंत्र मात्र गुपचूप उभे असते, आणि त्याच्या पोटात वीज असतेच. म्हणून पात्यापाशी हात नेण्यापूर्वी बॅटरी बाहेर काढून ठेवावी, हा नियम कधीही मोडू नये.

एका बॅटरीचे तीन चेहरे

आता बॅटरीकडे वळू. या यंत्रांत लिथियम-आयन प्रकारचे घट असतात. हे घट १९९१ साली प्रथम बाजारात आले, आणि त्यांच्या विकासाबद्दल जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो या तिघांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. बॅटरीचे प्लास्टिकचे खोके उघडले (ते उघडण्याचा प्रयोग घरी मुळीच करू नका!) तर आत बोटाएवढे दंडगोल घट ओळीने बसवलेले दिसतील. अशा एका घटाचे सरासरी विभवांतर सुमारे ३.६ व्होल्ट असते. त्याची क्षमता २ अँपिअर-तास आहे असे समजू. म्हणजे एका घटात ३.६ × २ = ७.२ वॉट-तास ऊर्जा साठते.

समजा, तुमच्याजवळ असे २० घट आहेत. दहा-दहा घटांच्या दोन एकसर माळा करून त्या समांतर जोडल्या, तर बॅटरी होईल ३६ व्होल्ट आणि ४ अँपिअर-तासांची. विसाच्या वीस घट एकसर जोडले, तर ती होईल ७२ व्होल्ट आणि २ अँपिअर-तासांची. पाच-पाच घटांच्या चार माळा समांतर जोडल्या, तर ती होईल १८ व्होल्ट आणि ८ अँपिअर-तासांची. आता तिन्ही वेळा गुणाकार करा: ३६ × ४ = १४४, ७२ × २ = १४४, १८ × ८ = १४४. घट तेच, वजन तेच, साठवलेली ऊर्जाही तीच, १४४ वॉट-तास. पण खोक्यावर नुसते व्होल्ट छापले तर ७२ व्होल्टची बॅटरी १८ व्होल्टच्या बॅटरीपेक्षा चौपट बलवान वाटेल, आणि ग्राहक जास्त पैसे मोजून ती घरी घेऊन येईल.

यावर तुमच्यातला एखादा हुशार विद्यार्थी म्हणेल की, व्होल्ट जास्त असले तर तीच शक्ती देताना विद्युतधारा कमी लागते, आणि धारा कमी झाली की उष्णतेच्या रूपाने होणारा तोटाही कमी होतो. बरोबर आहे. तारा, बटणे आणि जोडण्या यांच्यातला तोटा त्यामुळे खरोखरच घटतो आणि तारा बारीक वापरता येतात. मोठ्या शक्तीच्या यंत्राला जास्त व्होल्टची बॅटरी देण्यात हा खरा लाभ आहे. पण घटांच्या आत होणाऱ्या तोट्याचे काय? एकंदर शक्ती तेवढीच असेल, तर वीस घटांपैकी प्रत्येकाला आपला विसावा हिस्सा द्यावाच लागतो, मग त्यांना कसेही जोडा. प्रत्येक घटातून जाणारी धारा तीच, म्हणून घटांच्या अंतर्गत रोधातला तोटाही तोच. हे गणित कागदावर स्वतः करून पाहा; परीक्षेतल्या दहा उदाहरणांपेक्षा ते जास्त शिकवील.

४० मोठे की ३६?

व्होल्टच्या आकड्याची आणखी एक गंमत आहे. लिथियम-आयन घट पूर्ण भरलेला असताना त्याचे विभवांतर ४.२ व्होल्टपर्यंत असते. काम सुरू झाले की ते उतरू लागते आणि बराच वेळ ३.६ च्या आसपास राहते. आता दहा घटांच्या माळेला काय म्हणावे? सरासरी धरणारा तिला ३६ व्होल्ट म्हणेल. नुकतीच भरलेली, अजून कोणतेही काम न करणारी बॅटरी डोळ्यांपुढे आणणारा घटामागे चार व्होल्ट धरून तिला ४० व्होल्ट म्हणेल. पाच घटांच्या माळेचेही तसेच. अमेरिकेत ‘कमाल २० व्होल्ट’ म्हणून विकली जाणारी बॅटरीची अवजारे युरोपात ‘१८ व्होल्ट’ या नावाने विकली जातात. अटलांटिक महासागर ओलांडताना बॅटरीतले दोन व्होल्ट काही समुद्रात पडत नाहीत!

यात कोणी खोटे बोलतो असे मी म्हणत नाही. ‘कमाल’ हा शब्द आणि सरासरीचा आकडा बारीक अक्षरांत कोठेतरी छापलेला असतोच. माझा आक्षेप वेगळा आहे. ज्या आकड्यावरून यंत्र किती काम करील हे कळत नाही, तो मोठ्या अक्षरांत आणि ज्यावरून कळते तो बारीक अक्षरांत, ही उलटी रीत आहे. ती बदलायला दुकानदार आपण होऊन तयार होणार नाही. गिऱ्हाईक विचारू लागले म्हणजेच ती बदलेल.

वॉट-तासांचा आग्रह कोठे धरला जातो, हे पाहण्यासारखे आहे. विमानप्रवासात जवळ बाळगायच्या सुट्या बॅटऱ्यांची मर्यादा व्होल्टमध्ये किंवा अँपिअर-तासांमध्ये मोजत नाहीत. ती १०० वॉट-तास अशी ठरवलेली आहे, आणि त्यावर १६० वॉट-तासांपर्यंत विमान कंपनीची परवानगी घ्यावी लागते. याचे कारण उघड आहे. बॅटरीने पेट घेतला तर आगीची व्याप्ती तिच्यात साठलेल्या ऊर्जेवर अवलंबून राहील. जेथे जिवाशी गाठ असते तेथे माणूस नेमका प्रश्न विचारतो. जेथे फक्त पैशाशी गाठ असते तेथे मात्र तो मोठ्या टायपाला भुलतो.

वीस मिनिटांचा हिशेब

१४४ वॉट-तासांत किती गवत कापून होईल? बेताने वाढलेल्या, कोरड्या गवतात यंत्र ४३० वॉट शक्ती घेते असे समजू. १४४ भागिले ४३० म्हणजे सुमारे एक तृतीयांश तास, म्हणजे २० मिनिटे. यंत्राच्या मागून आपण सेकंदाला एक मीटर या गतीने चाललो आणि ४० सेंटिमीटरच्या पट्ट्यातील ५ सेंटिमीटर आधीच्या पट्ट्यावर चढवले, तर सेकंदाला ०.३५ चौरस मीटर गवत कापले जाईल. वीस मिनिटांत ४२० चौरस मीटर होतात. वळणे, झाडांची आळी आणि थांबणे वजा केल्यास ३०० चौरस मीटर ही समाधानकारक अपेक्षा ठरेल.

आता गवत गुडघ्यापर्यंत वाढू दिले किंवा पावसाने ओले असताना कापायला घेतले, तर शक्ती दुप्पट, म्हणजे ८६० वॉट लागेल असे धरू. वेळ निम्म्यावर येईल हे तुम्ही लगेच सांगाल. पण तेवढ्यावर भागत नाही. विद्युतधारा १२ अँपिअरवरून २४ अँपिअर होईल. बॅटरीचा अंतर्गत रोध ०.१ ओहम असेल, तर धारेचा वर्ग गुणिले रोध या सूत्राने उष्णतेत जाणारी शक्ती १४ वॉटवरून ५८ वॉटवर, म्हणजे चौपटीवर जाईल. बॅटरी तापेल, आणि तापलेला घट लवकर म्हातारा होतो. गवताच्या उंचीच्या एक तृतीयांशाहून अधिक भाग एका वेळी कापू नये, असा बागकामातला जुना नियम आहे. तो गवताच्या मुळांच्या भल्यासाठी सांगतात. तो बॅटरीच्याही भल्याचा आहे, हे ओहम आणि जूल यांच्या नियमांवरून आपल्याला कळते.

धूर खरोखर नाहीसा झाला काय?

आता सर्वांत वादाचा प्रश्न. एक लीटर पेट्रोलमध्ये सुमारे ८९०० वॉट-तास ऊर्जा असते. आपल्या बॅटरीच्या ती साठपटीहून अधिक आहे. मग एवढीशी बॅटरी पेट्रोलशी स्पर्धा कशी करते? कारण पेट्रोलचे लहान इंजिन त्यातील सुमारे चार पंचमांश ऊर्जा नुसती उष्णता म्हणून फेकून देते आणि काम नसतानाही फडफडत राहते. विजेची मोटार मात्र मिळालेल्या ऊर्जेपैकी चार पंचमांशाहून अधिक कामाला लावते. शिवाय मोटारगाडीत धूर शुद्ध करण्याची जी साधने असतात, ती अशा लहान इंजिनांवर सहसा नसतात. कॅलिफोर्नियाच्या वायुसंसाधन मंडळाच्या हिशेबाप्रमाणे व्यावसायिक गवतयंत्र एक तास चालवले, तर धुरके निर्माण करणारे जेवढे प्रदूषण होते, तेवढे २०१७ च्या बनावटीची एक साधी मोटारगाडी सुमारे ३०० मैल, म्हणजे जवळजवळ ४८० किलोमीटर चालवल्याने होते. म्हणूनच त्या राज्याने २०२१ साली असा निर्णय घेतला की, बागकामाच्या यंत्रांची बहुतेक नवी लहान इंजिने २०२४ पासून धूररहित असावीत.

तरीही ‘विजेचे यंत्र म्हणजे प्रदूषण शून्य’ ही जाहिरात मान्य करू नका. येथेही हिशेब मागा. १४४ वॉट-तासांची बॅटरी भरायला भिंतीतून सुमारे १७० वॉट-तास, म्हणजे ०.१७ युनिट वीज घ्यावी लागते. इंग्लंडमधले कोळशावरचे शेवटचे वीजकेंद्र २०२४ साली बंद झाले. आपल्याकडची बरीचशी वीज अजून कोळशावर होते. म्हणून हिशेब कडक व्हावा यासाठी यंत्र आपल्याच विजेवर चालले असे धरू. एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरल्यास एका कापणीमागे ०.१२ किलो होतो. पेट्रोलचे यंत्र तासाला पाऊण लीटर पिते असे धरले, तर वीस मिनिटांत पाव लीटर, आणि लीटरमागे २.३ किलो या प्रमाणात कार्बन डायऑक्साइड होतो ०.५८ किलो. म्हणजे दर कापणीला ०.४६ किलोची बचत.

पण बॅटरी तयार करतानाही धूर झालेला असतो. दर १००० वॉट-तास क्षमतेमागे तो १०० किलो धरू. आपल्या बॅटरीच्या वाट्याला १४.४ किलो आले. १४.४ ला ०.४६ ने भागा. उत्तर येते ३१. म्हणजे सुमारे तीस कापण्यांनंतर बॅटरीने आपले कर्ज फेडले. इंग्लंडमध्ये साधारण एका मोसमात एवढ्या कापण्या होतात. हा सौदा निश्चित चांगला आहे.

आता तेच यंत्र ३० चौरस मीटरच्या चिमुकल्या अंगणात न्या. काम एक दशांश, म्हणून बचतही एक दशांश. कर्ज फिटायला तीनशे कापण्या, म्हणजे दहा वर्षे लागतील आणि तोवर बॅटरीच निकामी होण्याच्या बेताला आलेली असेल. यंत्र तेच, बॅटरी तीच, पण उत्तर उलटे आले. कारण ते उत्तर यंत्रावर नव्हे, तर अंगणाच्या क्षेत्रफळावर अवलंबून आहे.

मग माझे मत काय? हिरवळ मोठी असेल आणि पेट्रोलचे यंत्र बदलायचेच झाले असेल, तर बॅटरीचे यंत्र जरूर घ्यावे. धूर, गोंगाट आणि पेट्रोलचा वास तिन्ही टळतील. हिरवळ चार खोल्यांएवढीच असेल, तर बडिंगच्या कात्रीच्या तत्त्वावरचे, हाताने ढकलायचे यंत्र आजही बाजारात मिळते, तेच घ्यावे. निरोगी माणूस सत्तर-ऐंशी वॉट शक्ती सहज काही वेळ देऊ शकतो, आणि कात्रीला तेवढी पुरते. १८३० सालचे यंत्र आजच्या यंत्राला एखाद्या अंगणात हरवू शकते, ही गोष्ट मला विज्ञानाच्या दृष्टीने फार शिकवणारी वाटते. नवे म्हणजे चांगले आणि जुने म्हणजे टाकाऊ, असा निर्णय विज्ञान देत नाही. ते फक्त हिशेब मांडते.

तुमच्या दप्तरातला वॉट-तास

तुम्ही म्हणाल, आमच्याकडे ना हिरवळ ना गवतयंत्र; आम्हाला याचा काय उपयोग? घरातला पॉवर बँक काढून पाहा. त्यावर २०,००० मिलिअँपिअर-तास असे ठळक छापलेले असेल. हा आकडा आतल्या घटांचा, म्हणजे ३.७ व्होल्टवरचा आहे. ऊर्जा झाली ७४ वॉट-तास. फोनच्या वायरीला तो ५ व्होल्टने वीज देतो, तेव्हा काहीही तोटा न धरला तरी १४,८०० मिलिअँपिअर-तासच मिळतील. विजेची स्कूटर, घरचा इन्व्हर्टर, शेतावरचा फवारणी पंप या सगळ्यांना हाच प्रश्न लागू आहे. यातील स्कूटरची आणि इन्व्हर्टरची खरेदी घरातल्या दोन-तीन महिन्यांच्या मिळकतीएवढी असू शकते, आणि तेव्हा दुकानदारापुढे कागद-पेन्सिल घेऊन उभा राहणारा घरातला माणूस बहुधा तुम्हीच असाल.

शिक्षकांना माझी एक विनंती आहे. विद्युत ऊर्जेचा पाठ शिकवताना फळ्यावरची उदाहरणे थोडी बाजूला ठेवावीत. मुलांना आपापल्या घरच्या बॅटऱ्यांवरचे आकडे वहीत उतरवून आणायला सांगावे, वर्गात त्या सर्वांचे वॉट-तास काढावेत आणि रुपयांना एक वॉट-तास कितीला पडतो याची एक यादी भिंतीवर लावावी. या यादीचा क्रम आणि जाहिरातींतल्या व्होल्टचा क्रम शेजारी शेजारी लिहिला की पुढचे काही शिकवावे लागणार नाही.

व्होल्ट गुणिले अँपिअर-तास बरोबर वॉट-तास, एवढाच हा गुणाकार आहे. पाचवीच्या मुलालाही तो येतो. तो करण्याची सवय मात्र मोठमोठ्यांना नसते. ती तुम्ही लावून घ्या.